हँग झालेला ई-मेल आणि फॉरमॅटची घाई

घरात माणूस आजारी पडला तर आपण आधी ताप किती आहे ते पाहतो, मग औषध देतो. संगणक आजारी पडला की मात्र आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो "फॉरमॅट". दुकानदारही तेच सांगतो, कारण त्याला तेच सोपे असते. दोन तासांत संगणक कोरा करून मिळतो आणि आपण समाधानाने घरी येतो. त्या दोन तासांत काय गेले, हे पुढे कधीतरी गरज पडते तेव्हा कळते.

मी एका खाजगी कंपनीत हिशेब खात्यात कारकून आहे. 2014 साली आमच्या खात्यातील एका संगणकावरचा ई-मेलचा प्रोग्रॅम रोज सकाळी हँग होऊ लागला. उघडला की पडदा पांढुरका व्हायचा, माऊसच्या जागी गोल चक्र फिरायचे आणि वर "नॉट रिस्पॉन्डिंग" अशी अक्षरे यायची. आठवडाभर सर्वांनी चिडचिड केली. मग दुकानातून माणूस आला. "साहेब, फॉरमॅट करावा लागेल," तो म्हणाला. "करून टाका" असे म्हणणाऱ्यांत मीही होतो.

संगणक नव्यासारखा पळू लागला, पण आठ वर्षांची पत्रे गेली. त्यांत नुकत्याच निवृत्त झालेल्या आमच्या एका शिपाई मामांच्या थकबाकीचा सारा पत्रव्यवहार होता. आपला अर्ज कोणत्या तारखेला पोहोचला, हे दाखवणारे एकच पत्र त्यांना हवे होते. ते नसल्यामुळे मामांना अकरा महिने खेटे घालावे लागले. ते कोणावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "भाऊ, तुमचं मशीन बरं झालं, पण माझा कागद मेला."

ते वाक्य मी विसरलो नाही. म्हणून 2024 च्या जून महिन्यात आमच्या वसाहतीतील अभ्यासिकेचा संगणक तसाच हँग होऊ लागला, तेव्हा मी मुलांना पहिली गोष्ट सांगितली, "दुकानात न्यायचा नाही. आधी आपण पाहू."

जूनमधील तीन संध्याकाळी

हा संगणक एका कार्यालयातून जुना म्हणून मिळालेला. ज्यांच्या घरी संगणक नाही अशा कुटुंबांची पत्रे अभ्यासिकेच्या एकाच ई-मेल पत्त्यावर येतात. कॉलेजचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, नोकरीची बोलावणी, निवृत्तांच्या हिशेबाची पत्रे, सारे त्यातच. त्या आठवड्यात आमच्या एका मुलीच्या वसतिगृह प्रवेशाचे पत्र आलेले होते आणि उत्तर द्यायची मुदत तीन दिवसांवर आली होती. प्रोग्रॅम उघडायला जावे तर पडदा पांढरा. तिची आई दारात उभी होती. मुले म्हणाली, "काका, फॉरमॅट मारून घेऊ या, उद्या चालू होईल."

त्या मुलीलाच मी वही-पेन घेऊन शेजारी बसवले. जे करू ते तारीख-वेळेसह लिहायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा नियम ठरवला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणत्या औषधाने आला हे कळत नाही. आम्ही जे शिकलो ते आपल्याही घरी, कार्यालयात वा मंडळात उपयोगी पडेल म्हणून क्रमाने सांगतो.

हँग म्हणजे मेला नव्हे

"नॉट रिस्पॉन्डिंग" या अक्षरांना भिऊ नये. प्रोग्रॅमच्या खिडकीने काही सेकंद हाकेला ओ दिली नाही की विंडोज ती अक्षरे लावते. माणूस कामात गढलेला असला म्हणजे हाक मारली तरी उत्तर देत नाही, तसाच हा प्रकार. आपण रागाने दहा वेळा क्लिक केले की त्या दहा हाकाही रांगेत जाऊन बसतात.

म्हणून आधी तो काम करतो आहे की खरोखर अडकला आहे, ते पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात आपल्या प्रोग्रॅमच्या ओळीतील सीपीयू आणि डिस्कचे आकडे पाहावेत. आकडे हलत असतील तर काम चालू आहे. चहा घेऊन यावे. दहा-पंधरा मिनिटे आकडे अगदी स्थिर असतील तर तो अडकला असण्याचा संभव जास्त. ऑल्ट आणि टॅब दाबून मागे एखादी चौकट लपलेली नाही ना, हेही पाहावे. पुष्कळदा पासवर्ड विचारणारी चौकट मागे उभी असते आणि प्रोग्रॅम आपल्या उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो.

मेन स्विच बंद करणे हा अगदी शेवटचा उपाय. फाइलीत लिहिणे चालू असताना वीज तोडली तर फाइल अर्धवट राहते आणि साध्या दुखण्याचे मोठे दुखणे होते.

पत्र नेमके कोठे आहे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच आपण विचारत नाही. ई-मेल घेण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीचे नाव आयमॅप. तीत पत्रे सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर राहतात आणि आपल्याकडे त्यांची प्रत येते. दुसरीचे नाव पॉप. तीत पत्रे आपल्या संगणकावर उतरवली जातात आणि तशी व्यवस्था केलेली असेल तर तिकडून पुसली जातात. आयमॅप असेल तर आपला संगणक जळाला तरी तिकडची पत्रे शाबूत राहतात. पॉप असेल तर आपल्या संगणकावरची प्रत हीच एकमेव प्रत असू शकते. फॉरमॅट करायला सांगणारा माणूस हा प्रश्न विचारत नसेल, तर त्याच्या हाती संगणक देऊ नये.

आमच्याकडे पॉप होते. सुदैवाने उतरवलेली पत्रे चौदा दिवस तिकडेही ठेवावीत, अशी खूण त्यात केलेली होती. म्हणजे ताजी पत्रे दोन्हीकडे आणि जुनी फक्त आमच्याकडे. आम्ही प्रोग्रॅमचा नाद सोडला, मोबाईलवर ब्राउझर उघडून त्याच पत्त्याने आत गेलो. वसतिगृहाचे पत्र चार दिवसांपूर्वीचे होते, ते समोर दिसले. त्याच रात्री उत्तर गेले आणि त्या माऊलीचा जीव भांड्यात पडला. घाईचे पत्र असेल तर ही वाट लक्षात ठेवावी. प्रोग्रॅम हँग झाला म्हणजे टपाल बंद पडले, असे नाही.

जुन्या पत्रांचा प्रश्न मात्र उरला होता. त्यांत वसाहतीतील कित्येक निवृत्तांचे कागद होते आणि ते दुसरीकडे कोठेही नव्हते.

आधी प्रत, मग दुरुस्ती

हिशेब खात्यात मूळ पावती हातची सोडायची नाही, हा पहिला धडा असतो. येथेही तेच. प्रोग्रॅम पूर्ण बंद करून त्याच्या पत्रांच्या साठ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. क्लासिक आउटलुकमध्ये पॉपची पत्रे बहुधा पीएसटी नावाच्या फाइलीत असतात. "फाइल", मग "अकाउंट सेटिंग्ज", मग "डेटा फाइल्स" येथे तिची जागा लिहिलेली सापडते. थंडरबर्डमध्ये "हेल्प" मेनूतील "मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन" या पानावर प्रोफाइल फोल्डर उघडण्याचे बटण असते. तो सगळा फोल्डरच उचलून ठेवावा. प्रोग्रॅम उघडतच नसेल तर प्रोफाइल सी ड्राइव्हवरील आपल्या नावाच्या फोल्डरात, "ॲपडेटा" मग "रोमिंग" मग "थंडरबर्ड" या वाटेवर असते. "ॲपडेटा" हा फोल्डर लपवलेला असतो, म्हणून लपलेल्या फाइली दाखवण्याची खूण आधी करावी लागते.

आमची पहिली संध्याकाळ प्रत घेण्यातच गेली. मुले कंटाळली, पण शिपाई मामांची हकीकत सांगितल्यावर गप्प बसली.

दुखणे शोधण्याचा क्रम

दुसऱ्या संध्याकाळी प्रोग्रॅम साध्या रूपात सुरू केला. क्लासिक आउटलुकच्या चित्रावर दोनदा क्लिक करताना कंट्रोल बटण दाबून धरले की सेफ मोड मिळतो. थंडरबर्डसाठी शिफ्ट दाबून धरावे; तेथे याला ट्रबलशूट मोड म्हणतात. या रूपात वरून जोडलेली उपकरणे, म्हणजे ॲड-इन किंवा ॲड-ऑन, झोपी जातात. या रूपात प्रोग्रॅम सुरळीत चालला तर दोष बहुधा एखाद्या जोड-उपकरणाचा. मग क्लासिक आउटलुकमध्ये "फाइल", "ऑप्शन्स", "ॲड-इन्स" येथे जाऊन खाली कॉम ॲड-इन्ससमोरचे "गो" दाबावे, सर्व खुणा काढाव्यात आणि एकेक खूण परत लावून पाहावे. ज्या खुणेने पुन्हा हँग होईल, तीच अपराधी. मीटिंगचे, पीडीएफचे किंवा अँटीव्हायरसचे उपकरण तेथे आपोआप येऊन बसलेले असते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

आमचा प्रोग्रॅम साध्या रूपातही हँगच झाला. म्हणजे दोष जोड-उपकरणात नव्हता, साठ्यात होता. इनबॉक्सची फाइल पाहिली तर नऊ जीबी! मुलगी म्हणाली, "काका, आम्ही तर दर महिन्याला जुन्या जाहिराती पुसतो. मग एवढे वजन कशाचे?"

पुसलेले पत्र जात नाही

याचे उत्तर मला माझ्याच धंद्यात सापडले. थंडरबर्ड नेहमीच्या पद्धतीत एका फोल्डरची सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवते. आपल्या रोजकीर्दीसारखेच. आपण पत्र पुसले की त्या ओळीवर फक्त काट मारली जाते. ओळ वहीतच राहते, वहीचे पान मोकळे होत नाही. काट मारलेल्या ओळी वगळून नवी स्वच्छ वही उतरवून काढणे याला "कॉम्पॅक्ट" म्हणतात. ते केले नाही तर पुसूनही वही फुगतच जाते.

प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीत जागा वाचवण्यासाठी फोल्डर कॉम्पॅक्ट करू का, असा प्रश्न मधूनमधून येत असे. आमची मुले इंग्रजी प्रश्न पाहून घाबरत आणि दर वेळी "नो" दाबत. कित्येक वर्षे तसेच चालले. दोष यंत्राचा नव्हता. विचारलेला प्रश्न समजून घ्यायला कोणी बसले नाही आणि मीही कधी बसवले नाही, हा दोष आमचा.

त्यात जोडलेल्या फाइलींची भर. फोटो वा पीडीएफ ई-मेलला जोडताना त्याचे अक्षरांत रूपांतर होते आणि वजन साधारण एक तृतीयांशाने वाढते. पंधरा एमबीचा फोटो पत्रात वीस एमबी होऊन बसतो. दाखल्यांचे फोटो चार-चार वेळा पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आउटलुकच्या पीएसटी फाइलीलाही मर्यादा आहे. 2002 पर्यंतच्या आवृत्त्यांत ती 2 जीबी होती. 2003 आणि 2007 च्या आवृत्त्यांत नव्या पद्धतीच्या फाइलीला 20 जीबी आणि 2010 पासून 50 जीबी अशी ती ठेवलेली आहे. मर्यादा मोठी झाली म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही. फाइल फुगली की जुना संगणक त्याआधीच दमतो. तेथेही "डेटा फाइल्स"मध्ये ती फाइल निवडून "सेटिंग्ज" दाबले की "कॉम्पॅक्ट नाऊ" सापडते. पीएसटी फाइल कार्यालयातील सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून वापरू नये. ती आपल्याच संगणकाच्या डिस्कवर असावी.

तिसरी संध्याकाळ

कॉम्पॅक्ट करण्याआधी डिस्कवर मोकळी जागा हवी, कारण नवी वही उतरेपर्यंत जुनी वही शेजारीच असते. आम्ही जुने चित्रपट आणि गाण्यांचे ढीग काढून जागा केली. मग इंटरनेट काढून प्रोग्रॅम उघडला आणि पडदा पांढरा झाला तरी हात न लावता बसून राहिलो. बावीस मिनिटांनी इनबॉक्स दिसला. मुलीने वेळ वहीत लिहिली. फोल्डरवर उजवे क्लिक करून "कॉम्पॅक्ट" दाबले आणि काम पुरे होईपर्यंत कोणालाही माऊसला हात लावू दिला नाही. नऊ जीबीची फाइल तीन जीबीवर आली.

तरीही यादीत काही पत्रांच्या ओळी चुकीच्या दिसत होत्या. नाव एकाचे, मजकूर दुसऱ्याचा. रोजकीर्द बरोबर, पण अनुक्रमणिका चुकलेली. थंडरबर्डमध्ये फोल्डरवर उजवे क्लिक करून "प्रॉपर्टीज" आणि त्यात "रिपेअर फोल्डर" दाबले की अनुक्रमणिका नव्याने तयार होते. ते केल्यावर ओळी जागेवर आल्या. आउटलुकवाल्यांसाठी पीएसटी दुरुस्त करणारे स्कॅनपीएसटी नावाचे साधन ऑफिसच्या फोल्डरातच असते. ते चालवताना आउटलुक बंद ठेवावे आणि दुरुस्तीपूर्वी प्रत घेण्याची खूण तशीच राहू द्यावी.

शेवटी इनबॉक्समधील पत्रे वर्षवार फोल्डरांत हलवली आणि मग इनबॉक्स पुन्हा कॉम्पॅक्ट केला. आता प्रोग्रॅम अर्ध्या मिनिटात उघडतो. निवृत्तांची पत्रे मिळाली का? जवळजवळ सर्व मिळाली. दोन पत्रांच्या जोडलेल्या फाइली उघडल्या नाहीत. त्या पाठवणाऱ्यांकडून पुन्हा मागवल्या. पुन्हा मागवता आल्या, कारण कोणी, कधी पाठवल्या हे तरी आता दिसत होते.

एवढ्यानेही भागले नाही तर

दोन-तीन गोष्टी उरतात. अँटीव्हायरस दर पत्र तपासत असेल तर त्याचीही ओढाताण होते. तो कायमचा बंद करू नये. त्यातील ई-मेल तपासणीचा भाग तेवढा थोडा वेळ थांबवून फरक पाहावा. एका संशयास्पद पत्रासाठी अँटीव्हायरस सगळी इनबॉक्स फाइलच उचलून बाजूला ठेवतो, असेही घडते. पत्रे एकाएकी नाहीशी झाली तर त्याच्या "क्वारंटाइन" यादीत पाहावे. त्यानंतर नवे प्रोफाइल करून पाहावे. क्लासिक आउटलुकसाठी ते कंट्रोल पॅनेलच्या "मेल" या चित्रात असते. जुन्या प्रोफाइलला हात न लावता नवे चालते का, एवढेच पाहायचे.

प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवणे हा उपाय बहुधा फुकट जातो, कारण पत्रांचा साठा आणि प्रोफाइल जागच्या जागी राहतात आणि नवा प्रोग्रॅम तेच ओझे पुन्हा उचलतो. फॉरमॅटने ओझे जाते, पण पत्रांसकट जाते.

आणखी एक सूचना. विंडोजबरोबर येणारा "मेल" नावाचा जुना प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने 31 डिसेंबर 2024 पासून बंद केला आहे. तो वापरणाऱ्यांकडे पत्रे येईनाशी झाली असतील तर तो बिघाड नव्हे. दुसरा प्रोग्रॅम घ्यावा लागेल. तसेच "नवे आउटलुक" हे निराळ्या बांधणीचे आहे. वरील कॉम ॲड-इन्स आणि स्कॅनपीएसटीच्या सूचना क्लासिक आउटलुकसाठी आहेत.

वहीची सवय

यापुढे अभ्यासिकेत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तीन कामे होतात: नको असलेली पत्रे पुसणे, कॉम्पॅक्ट करणे आणि बाहेरच्या डिस्कवर प्रत घेणे. वही त्या मुलीनेच चालू केली. ती वसतिगृहात गेल्यावर तिच्या धाकट्या भावाने घेतली. महत्त्वाचे पत्र आले की त्याचा कागदी छाप त्या-त्या कुटुंबाला द्यायचा, हाही नियम केला. कागद घरातल्या पत्र्याच्या पेटीत राहतो, त्याला हँग होणे माहीत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात संगणकावर बसणारी ही पहिलीच पिढी आहे. यंत्रापुढे आपल्याला आपले अज्ञान खुपते आणि मग जो ठामपणे बोलतो त्याच्या हाती आपण सारे सोपवतो. वास्तविक त्या तीन संध्याकाळी आम्ही कोणतीही मोठी विद्या वापरली नाही. प्रश्न वाचला, प्रत घेतली, एका वेळी एक गोष्ट केली आणि लिहून ठेवली. एवढे कोणत्याही आई-बहिणीला, कोणत्याही मुलाला जमते.

परवा शिपाई मामा अभ्यासिकेत आले होते. ती वही त्यांनी चाळून पाहिली. इंग्रजी शब्द त्यांना समजले नाहीत, पण तारखा समजल्या. म्हणाले, "भाऊ, असंच तेव्हा केलं असतं तर!" मी काय उत्तर देणार? म्हणून हा लेख लिहिला. आपल्या घरातला, कार्यालयातला संगणक उद्या हँग झाला, तर फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: यात कोणाचा कागद आहे?